दादाच्या साइटवरचे चाळीस जण

सोमवारी मी लोकांना त्यांची जागा दाखवतो. पोटापाण्याचं कामच ते आहे. प्रताप नगरात एका औषधाच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. तिथे आम्ही पाच जण बसतो, आणि ज्यांच्या वेबसाइट आमच्याकडे आहेत त्यांना दर सोमवारी सांगतो की अमुक शब्द मोबाइलवर शोधला तर तुम्ही कितवे येता, मागच्या सोमवारी कितवे होतात आणि आठवडाभरात तुमच्या साइटवर किती जण डोकावून गेले. याला रिपोर्ट म्हणतात. बाकीचे चौघे रिपोर्ट ईमेलने पाठवून मोकळे होतात. मी फोन करून तोंडी सांगतो, कारण समोरच्याचा आवाज कसा पडतो ते मला ऐकायचं असतं.

धरमपेठेत शिकवणीचे वर्ग चालवणारे एक सर आहेत. चौकाचौकात त्यांच्या फोटोचे फलक आहेत, हाताची घडी घातलेले. एका सोमवारी मी त्यांना सांगितलं, "सर, चौथ्यावरून एकोणिसाव्यावर." त्यांनी दोन्ही आकडे पुन्हा विचारले. मग, "असं कसं? मी काही वेगळं केलं नाही." मी म्हणालो, "वेगळं न करताच माणूस खाली जातो, सर." फोन ठेवून मी चहा मागवला. त्या दिवशी चहा छान लागला, हे मी लपवत नाही.

या धंद्यातली पहिली गोष्ट सगळ्यांना समजावून सांगावी लागते, आणि कोणालाच ती पटत नाही. स्वतःच्या मोबाइलवर प्रत्येक जण पहिलाच असतो. आपण जे रोज उघडतो ते मोबाइलच्या लक्षात राहतं आणि पुढच्या वेळी तो तेच वर आणून ठेवतो. माणूस आपलंच दुकान शोधतो, आपलंच दुकान पहिलं दिसतं, आणि तो घरच्यांना बोलावून दाखवतो. खरी जागा पाहायची तर ज्याला तुम्ही माहीतच नाही अशा कोऱ्या खिडकीत शोधावं लागतं. तिथे बहुतेक जण पहिल्या पानावर तर नसतातच, पाचव्यावरही नसतात.

दुसरी गोष्ट गावाची. धरमपेठेतलाच एक साडीवाला रडत आला होता की मी गोंदियापर्यंत जाहिरात केली आणि तुमच्या रिपोर्टात येणारे सगळे नागपूरचेच कसे. त्याला मी अर्धा तास देऊन समजावलं होतं. मोबाइलचं जाळं नागपुरातून फिरतं, त्यामुळे पवनीचा, भंडाऱ्याचा, उमरेडचा, कुठलाही माणूस मोबाइलवरून आला की यंत्र त्याला नागपूरचाच म्हणतं. नागपूर लिहिलं म्हणजे नागपूरच असं धरू नका, हे माझे शब्द. तो खूश होऊन गेला.

दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. आमचं घर मूळ उमरेडचं, विणकरांचं. बाबा करवत काठी विणायचे, म्हणजे काठावर करवतीसारखे दात असलेली साडी. ते दात विणायला आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवावे लागतात, समोरासमोर दोन माणसं लागतात आणि एक धोटा चुकला की पुढचा सगळा काठ वाकडा येतो. दादा बाराव्या वर्षी बाबांच्या समोर बसला आणि त्याचा काठ कधी वाकडा आला नाही. मला सातव्या वर्षी कांडीवर सूत गुंडाळायला बसवलं तर माझ्या हातून धागा तुटायचा. पुन्हा जोडला की पुन्हा तुटायचा. "याच्या हातात धागा टिकत नाई," असं बाबा पाहुण्यांसमोर सांगायचे आणि पाहुणे हसायचे. त्या घरात माझी ओळख तेवढीच होती.

पुढे बाबांचे गुडघे गेले, सूत देणारा शेठ गेला, माग थांबला आणि दादा हिंगण्याला एका कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर लागला. त्याच्या शिफ्टांवर माझं कॉलेज झालं. सव्वीस वर्षं तो त्या प्रेससमोर उभा आहे. उजव्या कानाने त्याला आता जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की त्याच आवाजात राहिलात तर डावाही जाईल, पाचसात वर्षं म्हणा.

बाबा गेल्यावर दादाने उमरेडचा माग सुटा करून टेम्पोतून आणला आणि हिंगण्याच्या पुढे बांधलेल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत खड्डा खणला. आमचा माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि पायांनी पावड्या दाबतो. लोक घरात फरश्या बसवतात आणि हा बसवलेली फरशी फोडून खड्डा करतो, म्हणून सगळी गल्ली हसली. मीही हसलो. शिफ्ट संपवून तो मागावर बसायचा, समोर वहिनी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना यातलं काहीच येत नव्हतं. दादाने त्यांना पलीकडचा धोटा फेकायला शिकवलं. माग चालताना दोघांना एकमेकांशी बोलावं लागायचं नाही, आणि दादा म्हणायचा की मागाचा आवाज मी पायांनी ऐकतो.

मग कारखान्यात नोटीस लागली. ज्यांना लवकर निवृत्त व्हायचं असेल त्यांनी दिवाळीनंतरच्या महिनाअखेरपर्यंत फॉर्म भरून द्यावा. त्याच आठवड्यात दादा माझ्या घरी आला. बायकोने पोहे दिले ते त्याने बाजूला ठेवले आणि म्हणाला, "मले एक वेबसाइट करून दे गा."

"काहून?"

"साडी लोकांले दिसली पायजे. लोक पाहून राहिले असतील तं मी फॉर्म भरतो. प्रेस सोडतो, कान वाचवतो, मागावर बसतो. कोणी पाहतच नसन तं नाई भरत. उरलेली वर्षं प्रेसवरच काढतो." मग त्याने डावा कान माझ्याकडे केला, जसा तो महत्त्वाचं ऐकायचं असलं की करतो. "पण तू मले खरं सांगशील. बाकीचे मले बरं वाटावं म्हणून बोलतात. तू तसा नाईस."

एका रविवारी मी ती साइट केली. मजकूर दादा सांगत होता आणि मी टाइप करत होतो. काठाचे दात कसे विणतात, यंत्रावरची नक्कल कशी ओळखायची, करवत काठी घरी धुवायची तर कशी, जुन्या साडीचा काठ उसवला तर काय करायचं, आईची साडी मुलीला द्यायची असेल तर घडी कोणत्या बाजूने बदलायची. तो दोन तास बोलत होता. असलं कोण शोधणार, असं मला वाटत होतं, पण वाद घालण्यापेक्षा टाइप करणं सोपं होतं. धंद्याच्या रीतीप्रमाणे जागा मोजायला मी पाच मोठे शब्द लावले. साड्यांचे बडे दुकानदार ज्या शब्दांसाठी भांडतात तेच. धुण्याबिण्याचे शब्द लावले नाहीत.

त्यानंतर दर सोमवारी पहिली पाळी संपवून दादा चारच्या सुमारास ऑफिसला यायचा. मोटारसायकल खाली औषधाच्या दुकानासमोर, हेल्मेट काखेत, पिशवीत आलेखाचा कागद. हा कागद विणकरांचा. काठाची नक्षी आधी त्याच्या चौकटींत पेन्सिलने भरतात आणि मग मागावर उतरवतात. मी सात दिवसांचे आकडे सांगायचो, कोणत्या दिवशी किती जण आले, आणि तो चौकटी भरायचा. अडतीस. बेचाळीस. चाळीस. मग ते ठिपके जोडून कागद हातभर लांब धरायचा.

"पाय, हे बी करवतच आहे."

पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला पाचसहा जण यायचे, मग पंधरा, आणि तिसऱ्या महिन्यात चाळीसच्या आसपास आकडा बसला. दादा विचारायचा, "आपण कितवे आहो?" मी म्हणायचो, पाहू, वेळ लागतो. त्याच्या मोबाइलवर तो पहिला होता. ते त्याने मला तीनदा दाखवलं आणि तिन्ही वेळा मी मान हलवली. कोऱ्या खिडकीत माझ्या पाच शब्दांसाठी तो शंभरातसुद्धा नव्हता. हे मला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं.

मी का बोललो नाही, तर मला ते आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा दादा माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसत होता. मी पडद्याकडे पाहत उगाच थांबायचो आणि तो माझ्या तोंडाकडे पाहत राहायचा. बाबांसमोर मी तसाच बसायचो, तुटलेला धागा हातात घेऊन.

दिवाळी झाली. उमरेडला चुलत बहिणीच्या मुलीचं साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. मांडवात सगळे नातेवाईक, आणि दादा भलताच खुशीत. कोणीतरी साड्यांचं विचारलं तसा त्याने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि, ऐकू कमी येत असल्यामुळे तो नेहमी बोलतो तितक्या मोठ्याने, म्हणाला, "हा आमचा लहाना! याच्या हातात धागा टिकला नाई, पण आता माह्या साडीची दोरी याच्याच हातात आहे!"

सगळे हसले. पंगतीतल्या म्हाताऱ्या काकूंना जुनं आठवलं आणि त्यांनी ते नव्या सुनांना रंगवून सांगितलं. दादा कौतुकाने बोलला होता. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणजे न कळल्याची सबब माझ्याकडे नाही. मी हसलो, जेवलो, सगळ्यांच्या पाया पडलो आणि बसमध्ये बसल्यावर बायकोला म्हणालो, सोमवारी येऊ दे त्याला.

सोमवारी तो आला. ऑफिसात पाचही जण होतो, ऑफिसचे मालक, आमचे सरही होते. दादाने सगळ्यांसाठी साक्षगंधातले लाडू आणले होते. लाडू वाटून झाले, त्याने कागद उघडला, पेन्सिल काढली आणि म्हणाला, "फॉर्मची तारीख शनिवारी आहे. सांग मंग."

मी खुर्ची फिरवली. "दादा, आज तू स्वतःच पाहा."

मी पडदा त्याच्याकडे वळवला, कोरी खिडकी उघडली आणि पाच शब्दांतला पहिला शब्द टाकला. पहिलं पान. तो नव्हता. दुसरं पान. प्रत्येक पानाला मी थांबत होतो आणि दुकानांची नावं मोठ्याने वाचत होतो. चौथ्या पानाला आमची रिपोर्ट करणारी मुलगी हसली. सातव्या पानाला सर म्हणाले, "अरे, पुढं वर्धा लागन आता." सगळेच हसले. मीही. दहाव्या पानावर मी थांबलो.

"पण मोबाइलवर तं पहिला दिसते," दादा म्हणाला.

"तुझ्या मोबाइलवर. तू रोज उघडतो म्हणून."

"आणि हे चाळीस जण?"

"कुठले आहेत पाहा." मी गावांची यादी उघडली. नागपूर, नागपूर, नागपूर. वरपासून खालपर्यंत नागपूरच. "कोण राहतं नागपुरात? तू. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तू किती जणांना उघडून दाखवतो?"

"दाखवतो," तो म्हणाला. "चार-पाच जणांले दाखवतो."

"मग हे तेच. तू, वहिनी आणि तुझं कॅन्टीन. तीन महिने तू स्वतःलाच मोजत होता, दादा."

ऑफिस पुन्हा हसलं, पण या वेळी जरा कमी. दादाने कागदाकडे पाहिलं. त्याने बोट एका ठिपक्यावर ठेवलं, मग सात चौकटी पुढच्या ठिपक्यावर, मग त्याच्या पुढच्या. काठात चूक कुठे आहे हे शोधताना बाबा असंच बोट फिरवायचे.

"गुरुवारी माही सुट्टी राहते," तो हळूहळू म्हणाला. "कॅन्टीन नाई. दिवसभर मी मागावर राहतो, ही बी समोर राहते, मोबाइलले कोणाचा हात लागत नाई. मंग गुरुवारी दात पार तळाले जायले पायजे. हा एवढासाच खाली काहून आला?"

चाळीसचा आकडा बसल्यापासून दर गुरुवारचा ठिपका बाकीच्यांहून जेमतेम पाचसहानेच खाली होता. चौतीस, पस्तीस, चौतीस. तेरा आठवडे मी ते आकडे स्वतःच्या तोंडाने सांगितले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. त्याला दिसलं. आणि त्याच क्षणी मला धरमपेठेतला साडीवालाही आठवला, पवनी आणि भंडारा आणि मोबाइलचं जाळंही आठवलं. तेव्हा सुचलं नाही असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. खोटं आहे ते. सगळं जिभेवर आलं होतं, आणि मी ते गिळलं, कारण खोलीत सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी जिंकत होतो.

"दादा," मी म्हणालो, "हा धागा नाही. यातलं तुला कळणार नाही."

त्याने कागदाची घडी केली. आधी उभी, मग आडवी, कडेला कड जुळवून. पेन्सिल खिशात ठेवली. "बरं झालं सांगितलं," म्हणाला, आणि सगळ्यांना नमस्कार करून जिना उतरला. लाडूचा रिकामा डबा टेबलावरच राहिला. मी खिडकीतून पाहिलं तर त्याला मोटारसायकल चालू करायला तीन किका माराव्या लागल्या.

शनिवारी त्याने फॉर्म भरला नाही. मला खरोखर अभिमान वाटला. मी बायकोला सांगितलं की मी आज दादाचं घर वाचवलं, तिनेही मान डोलावली. आठ दिवसांनी वहिनींचा फोन आला.

"भाऊजी, तुम्ही काय सांगितलं यायले?"

"खरं सांगितलं, वहिनी."

"यायनं माग सोडला. लाकडं शेजारच्याले देऊन टाकली, त्याले मांडव टाकाचा होता. आज खड्ड्यात मुरूम भरून राहिले." मागे फावड्याचा आवाज येत होता. "मले विचारलं बी नाई. मी समोर बसत होती नं भाऊजी, इतके वर्षं. मले विचाराले पायजे होतं."

मी म्हणालो, वहिनी, होईल सवय. असं मी म्हणालो.

त्या साइटकडे मी पुढे पाहिलंही नाही. सोमवारच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. आकडा शून्यावर आला असणार हे मी धरूनच चाललो होतो. पाहणारा माणूसच उठून गेला, तर पाहणार कोण?

उन्हाळ्यात यादीची साफसफाई काढली. बंद पडलेल्या साइट कायमच्या काढून टाकायच्या होत्या, म्हणून एकेकीचा आलेख शेवटचा पाहत होतो. दादाची उघडली. डाव्या बाजूला ते तीन महिने, चढत चढत चाळीसवर आलेले. मग तो सोमवार. त्या सोमवारनंतर दादाने कॅन्टीनमध्ये कोणाला काही दाखवलं नाही, हे मला वहिनींकडून कळलं होतं. त्याने साइट एकदाही उघडली नव्हती. म्हणजे तिथून पुढे रेघ जमिनीला लागायला हवी होती.

रेघ चौतीसवर आली होती. तिथून पस्तीस, छत्तीस, चौतीस, अडतीस, अशीच पुढे चालली होती. सगळा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा, रोज. चाळीसातले दादाचे आणि त्याच्या कॅन्टीनचे मिळून फक्त सहा होते.

मग मी जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. लोक कोणते शब्द शोधून येतात ते पाहिलं. माझ्या पाच मोठ्या शब्दांतला एकही नव्हता. करवत काठी घरी कशी धुवायची. आईच्या साडीचा काठ उसवला काय करू. करवत काठी खरी कशी ओळखायची. त्या प्रत्येक शब्दासाठी कोऱ्या खिडकीत मी त्याला शोधलं. एकात तो दुसरा होता, एकात तिसरा, आणि उसवलेल्या काठात पहिला. माझ्या मोबाइलवर, रिपोर्ट करणाऱ्या मुलीच्या मोबाइलवर, खालच्या औषधवाल्याच्या मोबाइलवरसुद्धा. मी खाली जाऊन पाहून आलो. बड्या दुकानदारांना साडी विकायची होती, ती कशी धुवायची हे कोणी लिहिलंच नव्हतं. ते दादाने लिहिलं होतं, मी वैतागून टाइप केलेलं.

साइटवरून कोणी निरोप पाठवला तर तो माझ्या ईमेलला येईल असं मीच करून ठेवलं होतं, आणि ते ईमेल मी कधी उघडलं नव्हतं. तिथे अकरा निरोप होते. पवनीच्या एका बाईंनी लिहिलं होतं की माझ्या आईच्या साडीला तुम्ही लिहिता तसेच दात आहेत, मुलीच्या लग्नाला मला तशीच एक विणून हवी, तुम्ही दोघं अजून विणता का? हा निरोप फॉर्मची तारीख संपायच्या आधीच्या बुधवारचा होता. तेव्हा दादाच्या हातात अजून तीन दिवस होते.

पुढच्या सोमवारी मी हाफ डे घेऊन हिंगण्याला गेलो. त्याला सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. जाताना गाडीवर वाक्यंसुद्धा जुळवली होती.

मागच्या खोलीत आता दिवाण आहे. खड्ड्याच्या जागेवरची फरशी बाकीच्यांहून थोडी नवी, तेवढाच फरक. मी दिवाणावर बसलो. वहिनींनी पाणी आणून दिलं आणि लगेच आत भांडी घासायला गेल्या. दादा शिफ्टवरून आला, तोंड धुतलं, टॉवेल खांद्यावर टाकून माझ्या समोर बसला. आता डाव्या कानानेही त्याला कमी ऐकू येतं, तो कान जरा पुढे करूनच बसतो.

"कसा काय आला गा? सगळं ठीक?"

"ठीक."

मग तो हसला. आमच्या ऑफिसात सगळे हसले होते ते त्याला आठवलं असावं, कारण तो स्वतःच्याच मूर्खपणावर हसतात तसा हसला. "ते आपली साइट आहे का अजून? का काढून टाकली? मी तं त्या दिवसापासून पाह्यलीच नाई. आता किती येतात? कोणीच नसन."

वाक्यं जुळवलेली होती. चौतीसपासून सुरुवात करायची होती.

"तू होता म्हणून वाचलो," दादा म्हणाला. "मी तं फॉर्म भरून बसलो असतो. त्या सोमवारी तू बोलला नसता तं आज या खड्ड्यात बसून माशा मारल्या असत्या. घरचा माणूस खरं बोलतो, बाकी कोणी बोलत नाई."

सांगितलं असतं तर त्याचं काय झालं असतं, याचा विचार मी केला नाही. तसं म्हणायला बरं वाटेल, पण नाही केला. माझं काय होईल याचा केला. त्या घरात पुन्हा एकदा माझ्या हातात तुटलेला धागा असता, आणि या वेळी सगळे गप्प बसले असते.

त्या सकाळी निघण्यापूर्वी मी पाहून आलो होतो. एकेचाळीस जण आले होते.

"शून्य," मी म्हणालो.

त्याने हात कानाशी नेला. "काय?"

आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी पुढे वाकलो, त्याच्या डाव्या कानाजवळ तोंड नेलं, आणि आत वहिनींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "शून्य, दादा. कोणीच येत नाही."